पोपटी लोकरीचं घर

आमच्या घरात अंदमानातून आलेली पहिली जिवंत गोष्ट म्हणजे कसर. माणसं नाही आली, कसर आली. हे मी रागाने म्हणते आहे असं वाटेल, आणि ते तसं आहेच. इतकी वर्षं झाली, माझं लग्न झालं, मुलं कॉलेजात गेली, माधव नगरचं भाड्याचं घर सुटून मी नानाखेड्याच्या कॉलनीत राहायला आले, तरी तो राग काही जात नाही.

बाबा बँकेत होते. साताऱ्याकडून बदली होऊन उज्जैनला आले आणि इथलेच झाले. ताई आणि मी, दोघी इथे जन्मलो. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी असा आईचा कायदा होता. तो ती स्वतःच दिवसातून दहा वेळा मोडायची. "सब्जी चिरून ठेव गं" म्हणायची, आणि मी "भाजी म्हण ना" म्हटलं की, "मला नको शिकवू, ठेलेवाल्याला भाजी म्हटलं तर भजी देईल" असं उत्तर यायचं. आम्ही तिघी तोंडाच्या फटकळ. बाबा एकटे गरीब.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. माझी वेणी ती घालायची, माझ्या वह्यांना कव्हरं ती लावायची, मला मारायचीही तीच. मी अकरावीत असताना तिचं लग्न झालं. मुलगा नागपूरचा, सरकारी इंजिनियर. वर्षभरात भाऊजींची बदली पोर्ट ब्लेअरला झाली. "दोन-तीन वर्षांचा तर प्रश्न आहे," ते आम्हाला म्हणाले. मी ॲटलस काढून बघितलं तर आपल्या देशापासून तुटलेले चार ठिपके, त्यातल्या एकावर आमची ताई. मला तो नकाशा फाडून टाकावासा वाटला. रात्री आम्ही दोघी झोपायचो त्या लाकडी तख्तावर तिची बाजू रिकामी असायची आणि मी मुद्दाम तिकडे पुस्तकं पसरून ठेवायची.

पुढच्या वर्षी ताईला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे विचारायचीही गोष्ट नसते. आईने डिंक, अळीव, सगळं आणून ठेवलं होतं. मलमलीची जुनी धोतरं फाडून लंगोट शिवले होते. सातव्या महिन्यात जहाजाची तिकिटं काढली, आणि तिथल्या डॉक्टरांनी प्रवासाला चक्क नाही म्हणून सांगितलं. चार दिवस समुद्र, मग मद्रासहून रेल्वे. ताईची सासू तिथेच होती, तिने केलं सगळं. डिसेंबरात मुलगी झाली. तार आली तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली, आणि मग डिंकाचा डबा कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर नेऊन ठेवला.

बाळ व्हायच्या आधीच आईने एक स्वेटर विणला होता, पिवळा. तो तिने पार्सल केला. मी म्हटलं, "अगं, तिथे बारा महिने घाम येतो." आई म्हणाली, "तू तुझा अभ्यास कर."

दुसऱ्या वर्षी पोपटी. तिसऱ्या वर्षी मरून. चौथ्या वर्षी आकाशी. दर वर्षी दिवाळी झाली की फ्रीगंजच्या बाजारातून लोकर यायची, आणि दर वर्षी स्वेटर एक नंबराने मोठा. माप कुठून आणायचं? तर आमच्या शेजारच्या भाभीला त्याच आठवड्यात मुलगी झाली होती. आई तिला हाक मारायची, "ए गुडिया, इधर आ बेटा," आणि सुयांवरचा अर्धा स्वेटर तिच्या पाठीला लावून बघायची. ती पोर मोठी गुबगुबीत. आई तिला फिरवून फिरवून बघायची आणि मला सांगायची, "ही जरा जास्तच खाते. आपली नाजूक असणार. चार टाके कमी घालते." आपली कशी असणार हे आम्हाला दोन फोटोंवरून माहीत. एकात ती झोपलेली होती आणि दुसऱ्यात हललेली.

त्या पोरीलाही इतकी सवय झाली होती की लोकरीचा गुंडा दिसला की आपणहून येऊन पाठ करून उभी राहायची. एकदा तिने भाभीला विचारलं, "मम्मी, वो स्वेटर मुझे कब मिलेगा?" भाभी खजील झाली. आईने त्या वर्षी तिलाही एक विणून दिला, पण उरलेल्या रंगांचा, पट्ट्यापट्ट्यांचा.

ताईची पत्रं यायची. "स्वेटर मिळाला. वीण फार सुंदर आहे. रंग गोड." मला पत्र वाचायची खोड आहे, ओळीओळीतून बोट फिरवत वाचते. चार वर्षांत कधी "घातला" असं लिहिलं नव्हतं. आणि दर पत्रात, "या थंडीत यायचा विचार आहे, बघू कसं जमतं." एकदा भाऊजींची सुट्टी मंजूर झाली नाही. एकदा बाळाला ताप. एकदा सासूबाई पडल्या. एकदा काय झालं ते लिहिलंच नव्हतं. आई उत्तरात लिहायची, "जमेल तसं ये. इकडची काळजी करू नकोस." मी म्हणायची, "असं काय लिहितेस मिळमिळीत? लिही की, ये म्हणजे ये." त्यावर आई म्हणायची, लग्न झालेल्या लेकीला असं ओढायचं नसतं, तिच्या घरच्यांनी पाठवायचं असतं. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सगळं बदलत होतं तेव्हा. गल्लीत केबल आली, समोरच्यांनी रंगीत टीव्ही घेतला. टावर चौकात एका रांगेत तीन एसटीडी बूथ उघडले. बाबांच्या बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून सगळे बाबू धास्तावले होते. जग जवळ आलं, जग जवळ आलं, असं जो तो म्हणायचा. मी मनात म्हणायची, कुणाचं आलं ते बघू या एकदा.

मी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते, विषय प्राणिशास्त्र. त्या ऑगस्टमध्ये भाऊजींचे एक सहकारी बदली होऊन इंदूरला आले आणि त्यांच्या सामानाबरोबर ताईने एक ट्रंक पाठवली. बाबा आणि मी बसने जाऊन ती घेऊन आलो. उघडली तर वर पत्र: "इथल्या दमट हवेत रेशीम टिकत नाही. माझ्या चांगल्या साड्या तुझ्याकडे ठेव." खाली शालू, पैठणी, तिच्या सगळ्या लग्नातल्या साड्या, जुन्या चादरीत बांधलेल्या. बाबांनी ते बघितलं आणि खुर्चीत बसले. बाबांच्या बोलण्यात कमी यायचं, पण चेहऱ्यावर सगळं यायचं. लेकीच्या लग्नातल्या साड्या माहेरी परत येणं, हे काही चांगलं लक्षण नाही, हे त्यांच्या डोक्यात चाललं असणार. आईने मात्र वेगळाच अर्थ लावला. "साड्या इथे आल्या म्हणजे नेसायला तीही इथेच येणार ना?" म्हणाली, आणि एकेक घडी उलगडून गॅलरीत सावलीत घालू लागली.

ट्रंक मी रिकामी केली. आतून कागद चिकटवलेला होता, पोपडे आलेले, आणि त्या कागदावर भोपळ्याच्या बीसारखं काही काही चिकटलं होतं. चपटं, दोन्ही टोकांना निमुळतं, करडं. मी नखाने काढायला गेले तर ते चाललं! अक्षरशः चाललं. एका टोकातून इवलंसं तपकिरी डोकं आणि सहा पाय बाहेर आले, आणि आख्खी बी स्वतःमागे ओढत निघालं. मी ओरडणारच होते, पण प्राणिशास्त्राच्या मुलीने अळीला बघून ओरडलं तर काय राहिलं? मी पाहत बसले. वाटेत माझं बोट आडवं धरलं तर डोकं आत गेलं, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या टोकातून बाहेर आलं. पुढचं दारही तेच आणि मागचं दारही तेच.

मी चार-पाच काढून जॅमच्या बाटलीत घातल्या, वर मलमल बांधली आणि कॉलेजात आमच्या सरांकडे नेल्या. सर खूश झाले. एरवी झुरळं कापून कंटाळलेले. भिंगाखाली धरून म्हणाले, हा अगदी छोटा पतंग असतो, करडा, बोटाच्या नखाएवढाही नाही. त्याची ही अळी. उष्ण आणि दमट ठिकाणची, समुद्रकाठची, बेटांवरची. जुनी कोळिष्टकं खाते, केस, लोकर, जे मिळेल ते. आपल्याकडे पावसाळा आहे तोवर जगेल, माळव्याची कोरडी हवा सुरू झाली की संपेल. मी विचारलं, "सर, हे घर ती कशाचं करते?" तर म्हणाले, "जिथे राहते तिथल्या केराचं. भिंतीची वाळू, जमिनीवरचा धूळ-धागा. मतलब, घरात जे सांडतं ते सगळं ती अंगावर घेऊन फिरते. तुम्ही स्वतःच बघा."

मी भिंगाला डोळा लावला. वाळूचे कण, चुन्याचे कण, एक लांब काळा केस, गोल गोल गुंडाळून बसवलेला. तो केस ताईचा की तिच्या सासूचा, देव जाणे, मी ताईचाच धरला. ज्या घरात मी कधी गेले नव्हते त्या घराची जमीन माझ्या डोळ्यासमोर होती. आणि मग केसाच्या पलीकडे, कोशाच्या मधोमध, एक पट्टा दिसला. पोपटी. पुढच्या कोशात पिवळा. त्याच्या पुढच्यात मरून आणि आकाशी दोन्ही, एकाला एक लागून.

मी ते रंग ओळखणार नाही तर कोण ओळखणार? लोकरीच्या लडीचे गुंडे करताना दर वर्षी हात धरून मीच तर बसायची. त्याच ट्रंकेत ताईने चारही स्वेटर ठेवलेले असणार, न घालता, आणि साड्या भरायच्या वेळी काढून टाकले असणार. साड्यांना कसरीने तोंड लावलं नव्हतं. लोकर मिळत असताना रेशीम कशाला खाईल?

आईला मी काही सांगितलं नाही. ट्रंक घासून उन्हात ठेवली, साड्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या आणि बाटली माझ्या पुस्तकांच्या मागे लपवली. सरांना दाखवायचं प्रोजेक्ट म्हणून ठेवते आहे, असं स्वतःला बजावलं. खरं तर मला त्या आवडायला लागल्या होत्या. मी त्यांना न्हाणीतली कोळिष्टकं आणून घालायची, बाटलीत ओला कापूस ठेवायची. सप्टेंबरात एका कोशातून पतंग निघाला. करडा, पंखांच्या कडेला झालर, पाठीवर तीन-चार काळे ठिपके. मला वाटलं उडेल. तो नुसता कोशाशेजारी बसून राहिला. हे पतंग मोठे झाले की काही खात नाहीत, सरांनी सांगितलं होतं. चार-पाच दिवस बसला आणि मेला. मला रडू आलं, आणि पतंगासाठी रडते म्हणून स्वतःचाच राग आला.

दिवाळी झाली. आईने या वेळी मोरपंखी लोकर आणली. त्याच आठवड्यात मला इंदूरचं एक स्थळ आलं होतं. रविवारी ती मंडळी बघून गेली, मुलगा बरा होता, घर चांगलं होतं, आणि त्यांच्या आत्याबाई जाताना तीनदा विचारून गेल्या, "मोठी मुलगी कुठे असते? सुखात आहे ना?" तीनदा! माझं डोकं आधीच फिरलेलं. सोमवारी कॉलेजातून आले तर अंगणात आई त्या पोरीच्या पाठीला मोरपंखी स्वेटर लावून बघते आहे आणि म्हणते आहे, "आता चार वर्षांची होईल. बाह्या लांब हव्यात."

माझं तोंड सुटलं. "कुणासाठी विणतेस आई? अंदमानात स्वेटर कोण घालतं? वेड लागलंय का तुला? चार स्वेटर पाठवलेस, एक तरी अंगाला लागला का तिच्या?"

पोर घाबरून पळाली. आईने सुया खाली ठेवल्या. मी तिथे थांबायला हवं होतं. पण माझ्या जिभेला हाड कुठे होतं तेव्हा? मी आत जाऊन बाटली घेऊन आले आणि तिच्या पुढ्यात ठेवली. "हे बघ. कसरीने खाल्ले. तुझ्या नातीने नाही घातले, या किड्यांनी घातले."

आईने चष्मा लावला. बाटली उजेडात धरली. अळ्या तोवर बहुतेक मेलेल्या होत्या, रिकामे कोश काचेला चिकटले होते. तिने बोटाने काचेवरून एक एक दाखवला. "हा माझा पोपटी," म्हणाली. "हा मरून. याची लोकर जरा खरखरीत निघाली होती, आठवतं?"

मग माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटलं, मला कळत नाही? तिथे थंडी नसते हे तुझ्या पुस्तकात आहे आणि मला माहीत नाही? ते तिथे घालायला नव्हतेच. इथे यायचं होतं तिने, ते घालून."

मला कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. चार वर्षं मी या बाईला भोळी समजत होते. ती दर वर्षी लोकरीत लिहून पाठवत होती की या थंडीत या. पत्रात ये म्हणायचं नसतं, म्हणून स्वेटर. आणि ताईलाही ते बरोबर कळत होतं, म्हणूनच तिने "घातला" असं खोटं कधी लिहिलं नाही.

आई बाटलीकडे बघतच होती. "डांबराच्या गोळ्या नाही टाकल्या तिने," म्हणाली. आवाज अगदी साधा. "ज्याला यायचं असतं तो लोकरीचं जपून ठेवतो. तिला यायचंच नाहीये." आणि उठली, साडी बदलली, आणि मला म्हणाली, "चल. फोन करायचा."

"आत्ता? रात्री अकरानंतर स्वस्त असतं आई."

"आत्ता."

भर दुपारी आम्ही टावर चौकातल्या बूथवर गेलो. ताईच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या क्वार्टरमध्ये होता. मी नंबर फिरवून सांगितलं, "बाजू के क्वार्टर से बुला देंगे? उज्जैन से उनकी माँ बोल रही हैं." दहा मिनिटांनी परत लावा म्हणाले. ती दहा मिनिटं आई बाकावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग आम्ही दोघी त्या काचेच्या डब्यात शिरलो. एकीला पुरेल एवढीच जागा, रिसीव्हर दोघींच्या कानांमध्ये धरलेला.

"आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?" ताईचा आवाज धापा टाकत आला.

"सगळे बरे आहेत. स्वेटरांना कसर लागली तुझ्या."

तारेतून आईचाच आवाज तिला परत ऐकू आला, "लागली तुझ्या."

"आई, मी..."

"रागवायला नाही केला फोन. मला एकच सांग. तुला यायचं आहे की नाही?"

चार वर्षांत आईने हे पहिल्यांदा विचारलं. ताईचा श्वास ऐकू येत होता. मग ती म्हणाली, "साड्या मी दमट हवेमुळे नाही पाठवल्या. हवा दमट आहेच. पण आधी माझं सामान पाठवलं, मागोमाग मी येणार होते. हिला घेऊन."

"मग?"

"आले तर परत जाणार नाही आई. मला माझं माहीत आहे. तुझ्या अंगणात पाय ठेवला की माझा पाय निघणार नाही. म्हणून येत नाही."

आईचा हात माझ्या मनगटावर होता, तो घट्ट झाला. "मारतो का?"

"छे गं. कुणी काही करत नाही. कुणी काही बोलतही नाही. दिवस दिवस कुणी बोलतच नाही माझ्याशी, भिंतीवर ते किडे घर घेऊन फिरतात ना, ते बघत बसते. आई, येऊ का गं मी?"

बूथच्या मीटरवरचे लाल आकडे पळत होते. आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभर. त्या बघण्यात काय होतं ते मला तेव्हाच कळलं, कळलं नाही असं मी म्हणूच शकत नाही. इंदूरच्या आत्याबाई होत्या त्यात. मोठी मुलगी सुखात आहे ना, ते होतं. नवऱ्याला सोडून लेकीसकट माहेरी येऊन बसलेली बहीण असताना धाकटीला कोण करून घेणार, ते होतं.

"नको येऊस," आई म्हणाली. "पोरीला बाप आहे. तुझं घर आहे ते. नको येऊस, बाळा. सवय होते."

"बरं," ताई म्हणाली. लहानपणी दुकानातून काही आणायला सांगितलं की म्हणायची, तसं.

बाहेर आल्यावर मी आईला रिक्षात बसवलं. वाटेत ती फक्त एवढंच म्हणाली, "बाबांना सांगू नकोस." मोरपंखी स्वेटर अर्ध्यावरच राहिला, पुढे कधीतरी तिने तो उसवला.

माझं त्याच वर्षी इंदूरला लग्न झालं. ताई लग्नाला आली नाही. आली ती आठ वर्षांनी, भाऊजींची बदली नागपूरला झाल्यावर, चार दिवस, पाहुण्यासारखी. भाची माझ्या खांद्याला आलेली, आईशी हिंदीत बोलायची, "नानी, आप बैठिए." ताई हसायची, चांगली दिसायची, आपल्या साड्या नेसायची. आईने तिला खूप खायला घातलं. परतीच्या दिवशी ती सहज रिक्षात बसली. पाय अडला नाही तिचा कुठे. सवय झाली होती.

नंतर उज्जैनला आमची बदली झाली, आई माझ्याजवळच गेली. शेवटपर्यंत त्या फोनबद्दल ती एक अक्षर बोलली नाही आणि मीही नाही. लोक म्हणतात आईचा जमाना वेगळा होता, तिचं काय चुकलं? बरोबर आहे. तिला दोन मुली होत्या, तिने एकीचं बघितलं. पण तिने "नको येऊस" म्हणायच्या आधी माझ्याकडे बघितलं होतं, ते विचारण्यासाठी बघितलं होतं. तिला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. रिसीव्हर माझ्या तोंडापासून चार बोटांवर होता, पलीकडे ताई वाट बघत होती, आणि मला फक्त "ये" म्हणायचं होतं. मी खाली बघितलं.